खर्जातला फ्रिज

"यंत्राचा आवाज येतोय म्हणजे यंत्र तक्रार करतंय! आणि माझ्यापुढे तक्रार करून आजवर एकही यंत्र सुटलेलं नाही!"

लिफ्टसाहेब हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकायला कोणी नसलं तर मिक्सरला उद्देशून म्हणत.

लिफ्टसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्यात घालवली आणि निवृत्तीच्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना हे नाव कायमचं बहाल केलं. त्यांची पद्धत साधी होती. लिफ्टमध्ये शिरायचं, डोळे मिटायचे, बटण दाबायचं आणि ऐकायचं. तिसरा मजला येईतो निदान तयार! "वरचं बेअरिंग गेलंय. दाराची कडी सैल आहे. आणि तुमच्या चौकीदाराला दमा आहे का? नाही? मग तेही बेअरिंगच." त्यांनी पास केलेली लिफ्ट इतकी मुकाट चाले, की आतल्या माणसाला आपण पोचलो हे दार उघडल्यावरच कळायचं. काही जण तर पोचून परत खाली यायचे.

अशा या माणसाला आयुष्यात एकाच यंत्राने दाद दिली नाही. ते त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं होतं.

फ्रिज! मुलीच्या जन्माच्या सुमाराला घरात आलेला आणि तिच्यापेक्षा लवकर आवाज फुटलेला. पोट भरलेल्या म्हशीने डोळे मिटून घुमावं तसा तो घुमायचा. मध्येच सूर किंचित थरथरायचा, जुनं काहीतरी आठवल्यासारखा. मग अंगात आल्यासारखा गदगदा हलायचा आणि "धडक्!" करून बंद पडायचा. लिफ्टसाहेब "सुटलो!" म्हणून पेपर उघडेपर्यंत पुन्हा घुमायला सुरुवात. त्यांनी त्याच्या पायाखाली पुठ्ठे घातले, रबर घातलं, त्याला भिंतीपासून ओढला, भिंतीला चिकटवला. एकदा मागचा पत्रा काढून आत हात घातला, तर आवाज तसाच राहिला आणि आइस्क्रीमचं सूप झालं. तेव्हापासून वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, पेचकस जप्त केला होता.

"अगं, पण हा आवाज!"

"कसला आवाज? मला नाही बाई कसला आवाज येत."

"हा काय! हा! आत्ता येतोय तो!"

वहिनी मान तिरकी करून ऐकत. "कुठे काय? थंड करतोय ना? मग! काहींना आवाजही येतो आणि ते थंडही करत नाहीत." आणि नवऱ्याकडे एकदा पाहून भाजी चिरायला लागत.

या दोघांची मुलगी खारू. लहानपणी गाल फुगवून खायची म्हणून खारूताई, त्याची झाली खारू. आता ती सव्वीस वर्षांची होती, विमा कार्यालयातली चांगली नोकरी सोडून अर्धवेळ काम करत होती आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवून गात होती. तिचा तिघांचा बँड होता. बँडचं नाव "तात्पुरती व्यवस्था". ड्रम वाजवणारा मुलगा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा, म्हणून त्याला सगळे कवळीवाला म्हणत. बेस गिटार वाजवणारा लंबू. लंबू इतका कमी बोलायचा की त्याला चहा हवा की कॉफी हे वहिनींना दोन वर्षांत कळलेलं नव्हतं. त्या आलटून पालटून देत. तो दोन्ही प्यायचा.

हे तिघं जे वाजवत त्याला इंडी रॉक म्हणतात, असं लिफ्टसाहेबांना समजलं होतं. म्हणजे काय, हे त्यांनी एकदा विचारलंही होतं.

"कंपनी नाही, स्टुडिओ नाही, डोक्यावर कोणी साहेब नाही," खारू म्हणाली होती. "आपलं गाणं आपणच लिहायचं, आपणच वाजवायचं, आपणच टेप करायचं. घासूनपुसून गुळगुळीत करायचं नाही. जसं आहे तसं."

"मग तपासतं कोण?"

"कोणीच नाही."

"आणि चुकलं तर?"

"तर ते आपलं!"

जन्मभर दुसऱ्याच्या चुकांवर पगार घेतलेल्या माणसाने डोक्याला हात लावला. मग तिने त्यांना एक गाणं ऐकवलं. लिफ्टसाहेबांनी सवयीने डोळे मिटले. गाणं संपलं. काहीतरी छान बोलावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. बापांना वाटतं, पण वाटणं आणि बोलणं यांच्यामध्ये त्यांच्या घशात एक अरुंद जिना असतो. जे वर आलं ते असं: "कुठेतरी काहीतरी सैल आहे."

खारू हसली. छान हसली. पण त्यानंतर तिने त्यांना कधी गाणं ऐकवलं नाही. बापलेकीचं बोलणं उरलं ते "गॅस बंद केलास का?" आणि "कडी लावलीस का?" एवढ्यापुरतं. ती हो म्हणायची. ते उठून पुन्हा बघून यायचे.

आता गोष्ट सुरू होते. बँडची पहिली कॅसेट बनत होती. हल्ली कॅसेट कोण ऐकतं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर लिफ्टसाहेबांनाही पडला होता. "ज्यांना ऐकायचीय ते," असं उत्तर मिळालं. टेपचं काम स्वयंपाकघरात चाले, कारण पुढच्या खोलीची भिंत इतकी पातळ होती, की शेजाऱ्यांची भांडणं टेपमध्ये शिरायची. एक गाणं सोडून सगळी झाली होती. शेवटचं शनिवारपर्यंत व्हायलाच हवं होतं, कारण रविवारी कवळीवाला दुसऱ्या गावी मोठ्या प्रयोगशाळेत रुजू होण्यासाठी कायमचा निघणार होता. त्यानंतर तात्पुरती व्यवस्था नावाप्रमाणे संपणार होती.

त्या सोमवारी खारू गॅलरीत पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती आणि लिफ्टसाहेब कुंडीला पाणी घालत होते.

"अरे, काय सांगू! फ्रिज सगळ्या गाण्यांत घुसलाय! एक गाणं त्याच्यावाचून नाही! आता शेवटचंही तसंच होणार, दुसरं काय!"

ती हसत होती. पण तिचा चेहरा लिफ्टसाहेबांना दिसत नव्हता, आणि मुलीची नुसती पाठ दिसली की बापाला ती रडतेय असंच वाटतं. कुंडीतून पाणी वाहून खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या वाळत घातलेल्या कोटावर पडलं तरी साहेबांना पत्ता नाही. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. गाण्यातलं आपल्याला कळत नाही. कबूल. पण मुलीच्या गाण्यात अडथळा आणणारं एक यंत्र आहे, आणि यंत्रातलं आपल्याइतकं कोणाला कळतं?

मंगळवारी खारू कामावर आणि वहिनी बहिणीकडे गेल्या असताना साहेबांनी डाव साधला. जुना द्या, नवा घ्या! दोन हमाल आले, नवा फ्रिज ठेवला, जुना उचलला. जाताजाता लिफ्टच्या दारात जुना एकदा "धडक्!" करून वाजला, वायर काढलेली असतानासुद्धा. "जा, जा!" लिफ्टसाहेब त्याला म्हणाले.

नवा फ्रिज म्हणजे शांततेचा पुतळा! साहेबांनी दाराला कान लावला. काही नाही. स्टूल आणून वरती कान लावला. काही नाही. शेवटी पोटावर पडून खाली कान लावला, आणि नेमक्या त्या वेळी वहिनी घरात आल्या.

"अहो! काय झालं तुम्हाला?"

"ऐक!" ते जमिनीवरून म्हणाले.

वहिनींनी ऐकलं. "काही ऐकू येत नाही."

"तेच तर!"

"पण मला पूर्वीही काही ऐकू येत नव्हतं," वहिनी म्हणाल्या आणि नव्या फ्रिजवरून हात फिरवत हळूच पुटपुटल्या, "दिसायला चांगला आहे हो. पण त्या बिचाऱ्याने काय वाईट केलं होतं?"

बुधवारी संध्याकाळी बँड आला. लिफ्टसाहेब मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चेहऱ्यावर भाव असा, की वाढदिवस मुलीचा आणि केक ह्यांनी भाजलाय!

खारूने गिटार गळ्यात अडकवली, इकडेतिकडे न बघता फ्रिजपाशी गेली, दाराला कान लावला आणि तारेची खुंटी पिळायला घेतली. मग थांबली.

"बाबा, लाइट गेलेत का?"

"नाही."

"मग हा बंद का?"

"बंद नाही! चालू आहे!" साहेबांनी जादूगारासारखं दार उघडून आतला दिवा दाखवला. "नवा आहे! घे, आता तुझ्या गाण्यात कोणी घुसणार नाही!"

"जुना कुठाय?"

"गेला!" साहेब म्हणाले. चोर पकडला, या सुरात.

स्वयंपाकघरात जी शांतता पसरली ती नव्या फ्रिजच्या शांततेपेक्षाही उच्च प्रतीची होती. कवळीवाल्याने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. "काका... कायमचा?" असं त्याने, सुतकाच्या घरी विचारावं तसं विचारलं. आणि लंबू बोलला! दोन वर्षांत पहिल्यांदा! लंबू म्हणाला, "अरेरे."

खारू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओट्याला टेकून शांतपणे म्हणाली, "बाबा, आमची सगळी वाद्यं त्याच्यावर लावलेली आहेत."

"त्याच्यावर? त्याच्यावर तर बरण्या असायच्या."

"त्याच्या सुरावर! आई तो बंद करू द्यायची नाही. दूध नासेल म्हणायची. मग आम्ही म्हटलं, हा काही आपल्यासाठी बदलणार नाही, तर आपणच त्याच्यासाठी बदलू. तो ज्या सुरात घुमायचा तोच आमचा मूळ सूर. सगळी गाणी त्याच्यावरच उभी आहेत. आणि तो सूर बाहेर कुठे मिळत नाही, बाबा. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत आहे तो. अख्खी कॅसेट त्या फटीत आहे!"

"मग झालेली टेप लावा आणि त्यावरून—"

"आमचं टेपमशीन तुझ्या वयाचं आहे, काका," कवळीवाला म्हणाला आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे, तुमच्या. तापलं की सूर खाली घसरतो, गार असलं की वर चढतो. दर वेळी वेगळा."

"मग आठवून लाव की! रोज ऐकायचीस ना?"

खारूने मान हलवली. "मी कशाला लक्षात ठेवू? तो रोज इथेच होता." मग थोडं थांबून म्हणाली, "विचारायचंस ना, बाबा."

 साहेबांनी आयुष्यात एकाही लिफ्टला काही विचारलं नव्हतं. नुसतं ऐकून निदान केलं होतं. आणि एकही निदान चुकलं नव्हतं!

गुरुवारी शोधमोहीम निघाली. लिफ्टसाहेब, खारू आणि कवळीवाला दुकानात गेले. दुकानदाराने गोदामाकडे बोट दाखवलं, गोदामवाल्याने गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीवाल्याकडे. आणि तिथे, वॉशिंग मशीनच्या दोन सांगाड्यांमध्ये, तोच फ्रिज! दारावर खारूने लहानपणी चिकटवलेल्या बदकाचा अर्धा पाय अजून होता.

खारूने धावत जाऊन कान लावला. मग तिचा चेहरा उतरला.

"हा चालू आहे?"

"चालू म्हणजे? पळतोय!" दुरुस्तीवाला हात पुसत पुढे आला. त्याचा आनंद काही मावत नव्हता. "आला तेव्हा काय बोंबलत होता साहेब! कॉम्प्रेसरखालची रबरं पार खलास. कोणी इतकी वर्षं सहन केलं देव जाणे. नवी रबरं घातली, नळ्या बांधल्या, गप्प केला! ऐका, ऐका!"

लिफ्टसाहेबांनी ऐकलं. अप्रतिम काम होतं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी या माणसाला मिठी मारली असती. आज ते खाकरून म्हणाले, "जरा पुन्हा बिघडवून द्याल का?"

"काय?"

"होता तसा करून द्या. बोंबलता."

दुरुस्तीवाल्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "साहेब, तीस वर्षं हा धंदा करतोय. बिघडवून आणायला माझ्याकडे माणसं येत नाहीत. ते काम ती घरीच करतात!"

"जुनी रबरं तरी आहेत?"

"कचऱ्याची गाडी सकाळीच गेली."

तरीही त्यांनी फ्रिज परत घेतला. घरी नेऊन पाहू, जुन्या जागी उभा केला की जुनी सवय लागेल, असं कवळीवाल्याचं मत पडलं. फ्रिज लिफ्टमधून वर चढला. लिफ्टसुद्धा साहेबांनीच पास केलेली होती. एक मुकं यंत्र दुसऱ्या मुक्या यंत्राला पोटात घेऊन वर गेलं.

जुन्या जागी उभा करूनही फ्रिजला सवय आठवली नाही. नवी रबरं घट्ट होती. साहेबांनी त्याच्यावर थाप मारली, त्याला लाथ मारली, मग त्याची माफी मागितली. ढिम्म! दुरुस्त झालेला माणूस जुन्या मित्रांकडे बघतो तसा तो सगळ्यांकडे थंडपणे बघत राहिला.

वहिनी दोन फ्रिजांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून ओट्याकडे जायला आडव्या झाल्या. "एकात भाजी ठेवते. दुसऱ्यात काय ठेवू? तुमचं डोकं? थंड तरी राहील!"

शुक्रवारी साहेब इरेला पेटले. जगात एवढे फ्रिज आहेत, एक तरी त्या सुरात घुमत असेल! गिटार घेतलेल्या खारूला बरोबर घेऊन त्यांनी इमारतीतली सगळी दारं वाजवली.

"नमस्कार. जरा तुमचा फ्रिज ऐकू का?"

खालच्या वकिलांनी आधी कोटाचा विषय काढला, मग "नोटीस कुठाय?" विचारलं. वरच्या शाळामास्तरणींनी घाईघाईने फ्रिज आवरायला घेतला. तोवर इमारतभर बातमी पसरली की लिफ्टसाहेबांना सरकारने पुन्हा बोलावलंय आणि आता फ्रिजांची तपासणी सुरू झालीय. आवाज करणारे जप्त होणार! झालं! लोकांनी भराभर आपापले फ्रिज बंद करून ठेवले. साहेब कान लावत आणि लोक छातीठोकपणे सांगत, "बघा, अजिबात आवाज नाही!"

मग एकेकाची समजूत घालून फ्रिज चालू करून घ्यावे लागले. साहेब डोळे मिटून ऐकत.

"हा किंचित वर आहे."

"हा सुरात आहे, पण आवाज पातळ. त्याचा आवाज जाड होता. कांबळ्यासारखा."

"हा जवळ आलाय... नाही. हा थरथरत नाही. तो मध्येच थरथरायचा."

"फ्रिज नाही जमला तर आमच्या ह्यांना झोपवून दाखवू का?" तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं. साहेबांनी तेही ऐकलं. पक्के खर्जातले होते, पण ताल नव्हता.

जिना उतरताना खारू मध्येच थांबली. "बाबा, तुला कसं कळतं हे? वर आहे, खाली आहे, थरथरत नाही..."

"कळतं म्हणजे? इतकी वर्षं त्याने माझा जीव खाल्लाय! तो कसा सुरू व्हायचा, कुठे चढायचा, कुठे अडखळायचा, मला झोपेतही सांगता येईल. तुम्हा कोणाला तो ऐकूच यायचा नाही. मी एकटाच ऐकत होतो."

 खारू तीन पायऱ्या वर नुसती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

शनिवारी दुपारी तिघं पुन्हा स्वयंपाकघरात जमले ते सामान आवरायलाच. कवळीवाला ड्रमचे स्क्रू सैल करत होता. लंबूने गिटार पिशवीत घातली होती. वहिनींनी त्याच्यापुढे चहा आणि कॉफी दोन्ही ठेवलं, कारण आज शेवटचा दिवस होता. साहेब दारात उभे. दुसरं कुठे उभं राहावं, सुचत नव्हतं.

"म्हणजे आता ते शेवटचं गाणं राहिलंच?" त्यांनी विचारलं.

"राहिलं," खारू म्हणाली.

"दुसऱ्या सुरात नाही घेता येणार?"

"घेता येईल, बाबा. पण मग ते या घरातलं नसेल."

साहेबांनी दोन्ही मुक्या फ्रिजांकडे पाहिलं. मग चिडून म्हणाले, "एवढं काय अवघड होतं त्यात? काही मोठा गवई नव्हता तो! असा तर होता—" आणि त्यांनी ओठ मिटले.

"म्म्म्म्म्म्म्म्म्म..."

कवळीवाल्याचा हात थांबला. लंबूने कप खाली ठेवला. वहिनींनी वळून आधी जुन्या फ्रिजकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. कांबळ्यासारखा जाड, दोन पट्ट्यांच्या फटीतला, मध्येच किंचित थरथरणारा आवाज! साहेबांच्या बंद ओठांतून!

"थांबू नकोस!" खारू ओरडली. "बाबा, थांबू नकोस!" तिने गिटार उचलली, बापाच्या छातीजवळ कान नेला आणि खुंटी पिळायला सुरुवात केली.

साहेब लाल होईपर्यंत घुमत राहिले. शेवटी श्वास संपला आणि त्यांनी फ्रिजच्या सवयीप्रमाणे ओट्यावरच्या डब्याला कोपर मारून "धडक्!"सुद्धा केलं.

"लागली!" खारू म्हणाली. "तार लागली!"

पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. दोन्ही फ्रिज पुढच्या खोलीत गेले. साहेबांना जुन्या फ्रिजच्या जागी, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभं केलं. "जरा तिरके, काका. तोही तिरका होता," कवळीवाला म्हणाला. साहेब तिरके झाले. तीन माणसं, एक फ्रिज, सगळे एकदम वाजवणार आणि मशीन एकदाच फिरणार. चिकटवाचिकटवी या लोकांत पाप समजतात.

"मध्ये मध्ये बंद पडायचा, ते करू?" साहेबांनी तपासणीच्या गांभीर्याने विचारलं.

"कर. त्याशिवाय श्वास कधी घेशील?"

मशीन फिरू लागलं. साहेब घुमू लागले. आणि त्या दिवशी, तोंड बंद असल्यामुळे असेल, त्यांना मुलीच्या गाण्याचे शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले.

गाण्यात एक घर होतं. घरात एक माणूस होता, जो सगळे झोपायला गेल्यावर उठून गॅसची खुंटी बघायचा, मग दाराची कडी बघायचा, मग मुलीच्या खोलीशी येऊन काही न बोलता उभा राहायचा. आणि शेवटी खारू गायली:

"तू काहीच बोलत नाहीस,
पण तू घुमतोस भिंतीतून.
तू आहेस म्हणून घर चालू आहे,
दार मी लावलंय, झोप आता तू."

फ्रिजला घुमता घुमता काहीतरी झालं. सूर खाली गेला, ओला झाला, जोरात थरथरला, तुटतो की काय असं वाटलं आणि कसाबसा पुन्हा जागेवर आला. साहेबांनी डोळे घट्ट मिटले होते. लिफ्ट तपासताना मिटायचे तसेच. पण तेव्हा त्यांतून पाणी येत नसे.

शेवटचा ठोका पडला. "धडक्!" मशीन थांबलं.

"बिघडवलं मी," साहेब कोपऱ्यातून म्हणाले. "त्या जागी. पुन्हा घ्या."

"तिथे काका जरा व्होल्टेज कमी झालं," कवळीवाला म्हणाला आणि उगाच ड्रमचा स्क्रू तपासायला खाली वाकला.

"पुन्हा घ्यायचं नाही," खारू म्हणाली. "कुठेतरी काहीतरी सैल आहे, बाबा. तसंच राहू दे."

कॅसेट निघाली. फार लोकांनी घेतली असं नाही, पण ज्यांना ऐकायची होती त्यांनी ऐकली. कव्हरच्या आतल्या बाजूला गिटार कोणाची, ड्रम कोणाचे ते छापलेलं होतं आणि सगळ्यांत खाली होतं, "फ्रिज: बाबा". साहेबांनी ते खालच्या वकिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि सहानुभूतीने विचारलं, "यावर काही कारवाई करायचीय का?"

दुरुस्त झालेला जुना फ्रिज कवळीवाल्याने नव्या गावी नेला होता. काही दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, कमाल झाली! नवी रबरं बसली बहुतेक. पुन्हा घुमायला लागलाय! सूर अगदी तोच! पाठवून देऊ?"

 एवढ्या वयात हाताशी आलेलं काम, आणि दार उघडायच्या आत बदली कामगार हजर! साहेबांनी फोन खारूच्या हातात दिला आणि कुंडीला पाणी घालू लागले.

"नको," खारू फोनवर म्हणत होती. पाठमोरीच होती, पण या वेळी हसतेय हे त्यांना कळलं. "सुरात असेल रे. पण तो गाणं ऐकत नाही."

कुंडी वाहू लागली होती. खाली वकिलांनी हाक मारली.

राहता राहिल्या वहिनी. नवा फ्रिज आल्यापासून त्यांची दुपारची झोप उडाली होती. उशी बदलली, पडदा बदलला, खाट फिरवली. काही उपयोग नाही. एका दुपारी साहेब पेपर वाचत असताना त्या आतून म्हणाल्या,

"अहो, तो आवाज कुठे गेला हो?"

"कसला आवाज?"

आत खाट करकरली.

"तोच," वहिनी म्हणाल्या. "जो येत नव्हता."

लिफ्टसाहेबांनी पेपरची घडी घातली, खुर्ची ओढून खाटेजवळ नेली, जरासे तिरके बसले आणि ओठ मिटले.